जळता सिलिंडर: ज्योत विझवायची की जळू द्यायची?

तिसरामजला
नमस्कार मंडळी. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक खानावळ आहे. गेल्या आठवड्यात तिथे एका सिलिंडरने व्हॉल्व्हपाशी पेट घेतला. कुणाला इजा झाली नाही, पण तेव्हापासून सोसायटीच्या ग्रुपवर जी जुंपली आहे ती थांबत नाही. मुद्दा असा: वॉचमन लाल रंगाचं पावडरचं यंत्र घेऊन धावला तर जवानांनी त्याला अडवलं. मग ते सिलिंडरच्या अंगावर, बाजूच्या भरलेल्या टाक्यांवर, भिंतीवर पाणी मारत बसले. व्हॉल्व्हच्या तोंडाशी ज्वाला तशीच फरफरत होती आणि तिच्यावर कुणीच पाणी मारत नव्हतं! आम्ही वरून ओरडत होतो, "अहो, आग तिकडे आहे!" बऱ्याच वेळाने दोघं पाण्याची छत्री करून पुढे गेले, तिसऱ्याने मधून हात घालून व्हॉल्व्ह फिरवला आणि ज्योत गेली.

ग्रुपवर निम्मे म्हणतात की हा हलगर्जीपणा, तक्रार करा. मला तसं वाटत नाही, पण नीट सांगताही येत नाही. इथे कुणी या क्षेत्रातलं असेल तर कृपया समजावून सांगा.

ब्रँचमन
नगरपालिकेच्या अग्निशमन दलात आहे, म्हणून लिहितो. तक्रार करू नका. त्यांनी जे केलं ते जसंच्या तसं आम्हाला शिकवलेलं असतं.

गॅसची ज्योत जळत असते तेव्हा गॅस कुठे आहे ते दिसतं आणि बाहेर येणारा गॅस तिथल्या तिथे संपतो. ती विझवली आणि गळती चालूच राहिली, तर गॅस दिसेनासा होतो. एलपीजी हवेपेक्षा दीडदोन पट जड. तो जमिनीसरसा वाहतो, जिन्याखाली, गटारात, तळघरात, लिफ्टच्या खड्ड्यात जाऊन बसतो. द्रव एलपीजीचा गॅस होताना तो साधारण अडीचशे पट पसरतो, आणि हवेत दोनेक टक्के मिसळला तरी पेट घ्यायला पुरे. मग कुठेतरी फ्रीजचा स्विच टिक् करतो आणि अख्खी खोली उडते. म्हणून आमच्याकडे पहिला नियम: गळती बंद करता येत असेल तरच ज्योत विझवायची. वॉचमनच्या हातातल्या पावडरीने ज्योत दोन सेकंदांत गेली असती. अडवलं ते त्याचसाठी.

जळत्या ज्योतीपेक्षा तिचा चटका कुठे लागतोय ते बघायचं असतं. शेजारच्या टाक्या तापत होत्या, म्हणून पाणी तिकडे.

हळद्या
+१. माहितीबद्दल आभार दादा.

धनगरवाडा
पण दादा, अग्निशमन सप्ताहात आमच्या कंपनीत जवान आले होते. त्यांनी पेटत्या सिलिंडरवर ओलं पोतं टाकलं आणि क्षणात विझवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते चुकीचं शिकवतात का? की घरी एक आणि हॉटेलात एक?

ब्रँचमन
@धनगरवाडा, प्रश्न चांगला आहे. ते प्रात्यक्षिक बरोबरच असतं, फक्त टाळ्यांच्या आवाजात पुढची पायरी निसटते. पोतं टाकल्यावर जवानाचा दुसरा हात कुठे जातो ते पुढच्या वेळी बघा. तो थेट रेग्युलेटरच्या खटक्यावर जातो. पोतं हे फक्त हात तिथवर न भाजता पोचावा म्हणून. खटका बंद झाला, गॅस थांबला, विषय संपला.

घरात शेगडीची नळी पेटली, ज्योत लहान आहे, हात रेग्युलेटरपर्यंत पोचतोय, तर ओला टॉवेल किंवा पोतं *आपल्या बाजूने पुढे* सरकवत टाका आणि लगेच खटका बंद करा. अंगावर नायलॉनची साडी, गाऊन असेल तर पुढे जाऊ नका. रेग्युलेटर वितळलाय, ज्वाला छताला लागतेय किंवा टाकी बराच वेळ तापलीय, तर पोत्याच्या नादी लागू नका. सगळ्यांना बाहेर काढा, जाताना दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

शेवंती
मला सिलिंडरवरच्या आकड्यांबद्दल विचारायचं होतं. धाग्याला धरून नाही, माफ करा. वरच्या कड्याच्या आत पट्टीवर "सी-२७" असं काहीतरी लिहिलेलं असतं. ती एक्सपायरी ना? ती तारीख गेली की टाकी फुटते असं व्हॉट्सॲपवर येतं.

रसायनी
@शेवंतीताई, ती टाकीची पुढची चाचणी कधी करायची त्याची तारीख. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. तारीख उलटून गेलेली टाकी घेऊ नका, गाडीवरच्या माणसाला परत द्या, तो तुमचा हक्क आहे. पण तारीख गेली म्हणून टाकी आपोआप फुटत नाही. घेताना सील, आणि सील काढल्यावर व्हॉल्व्हच्या आतली रबराची रिंग बघा. बऱ्याच गळत्या तिथून असतात. पांढरी प्लॅस्टिकची टोपी दोऱ्याने बांधलेली असते ती फेकून देऊ नका. रिंगमधून गॅस यायला लागला तर रेग्युलेटर काढून तीच टोपी खटकन दाबून बसवायची, खिडक्या उघडायच्या, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, टाकी उभीच उचलून मोकळ्यावर न्यायची आणि १९०६ ला, म्हणजे गॅसगळतीच्या हेल्पलाइनला कळवायचं.

आता मूळ विषयावर. पेपरात "सिलिंडरचा स्फोट" म्हणून जे छापून येतं त्यात पुष्कळदा टाकी धडधाकट सापडते. उडालेली असते ती खोली, साठलेल्या गॅसमुळे. टाकी खरोखर फाटणं हा वेगळा प्रकार, आणि जवानांचे जीव जास्त करून त्यात जातात. त्याला ते "ब्लेव्ही" म्हणतात: उकळत्या द्रवाची वाफ एकदम पसरून होणारा स्फोट.

पळसाच्या द्रोणात पाणी घालून निखाऱ्यावर ठेवलं तर पाणी असेल तिथवर द्रोण जळत नाही, वरची कड मात्र करपते. टाकीचं तसंच. द्रव असलेल्या भागाला ज्वाला लागली तर द्रव उष्णता ओढून घेतो. ज्वाला वरच्या, नुसती वाफ असलेल्या भागावर लागली की पोलाद थेट तापतं, पाचसहाशे अंशांना मऊ पडतं आणि आतला दाब त्याला फाडतो. आत अर्धा द्रव असेल तरी तो त्या क्षणी उकळतो आणि पेटतो. म्हणून थंड पाणी टाकीच्या वरच्या भागावर मारायचं.

५ जुलै १९७३ ला अमेरिकेत ॲरिझोनातल्या किंगमन गावी रेल्वेची प्रोपेनची वाघीण रिकामी करताना जोडणीपाशी गळती होऊन आग लागली. दल पोचलं, पाण्याच्या लाइनी टाकायला लागलं. आग लागल्यापासून जेमतेम वीस मिनिटांत वाघीण फाटली. अग्निशमन दलाचे ११ जण गेले. आणि तिसरामजला, हे तुमच्या ग्रुपवर टाका: लांब हमरस्त्यावर गाड्या थांबवून बघत उभे असलेले लोकही भाजले.

ठिणगी
माझं भोसरीला फॅब्रिकेशनचं शेड आहे. एलपीजीचं सगळे बोलतात, पण आमच्याकडे खरी भीती असते डीएची, म्हणजे ॲसिटिलीनच्या मरून बाटल्याची. ऑक्सिजनचा बाटला काळा, खांदा पांढरा. हे दोन्ही एकाच ट्रॉलीवर उभे असतात.

ॲसिटिलीन नुसतं दाबून भरता येत नाही, ते आपणहून फुटतं. म्हणून बाटल्यात सच्छिद्र भराव असतो, त्यात ॲसिटोन, आणि ॲसिटोनमध्ये विरघळवलेला गॅस. बाटला एकदा आगीत तापला किंवा वेल्डिंगच्या टॉर्चमधून ज्योत उलटी आत गेली, तर आतल्या आत विघटन सुरू होतं. त्याला हवा लागत नाही. बाहेरची आग विझली तरी आत ते चालूच राहतं. आमच्या शेजारच्या शेडला आग लागली तेव्हा पोरं विझल्यावर बाटला ढकलत बाहेर न्यायला निघाली होती. बंबावरच्या साहेबांनी असा आवाज दिला की सगळे जागच्या जागी थांबले. हलवायचा नाही, आडवा करायचा नाही, हात लावायचा नाही. आडोशामागून, लांबून पाणी. मग पाणी थांबवून बघायचं: ओला पत्रा भराभर सुकतोय किंवा वाफ निघतेय म्हणजे आत अजून गरम आहे. पुन्हा पाणी. हे त्यांनी किती तरी वेळ केलं आणि तोवर आमची अख्खी गल्ली रिकामी होती.

माझी कळकळीची विनंती, शेड चालवणाऱ्या सगळ्यांना: फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे उलटी येणारी ज्योत अडवणारी झडप लावा. आणि गेटवर ठळक पाटी लावा की आत डीए आहे, कुठल्या कोपऱ्यात आहे. धुरात घुसणाऱ्या पोरांना ते आधी कळलं पाहिजे.

लीड्सकर
ठिणगी यांनी अगदी बरोबर लिहिलंय. इथे इंग्लंडमध्ये ॲसिटिलीनचा बाटला आगीत सापडला की २०० मीटरपर्यंत परिसर मोकळा करायची पद्धत. पूर्वी तो २४ तास थंड करत ठेवायचे. लंडनमध्ये रुळांच्या जवळ असं झालं की रेल्वे दिवसभर बंद. नंतर जर्मनीत प्रयोग झाले, त्यावरून आता साधारण तासभर सलग पाणी आणि त्यानंतर तासभर नजर ठेवणं, तापला नाही तर सोडणं, अशी पद्धत आहे. ठिणगींनी सांगितलेली ओल्या पत्र्याची तपासणीही त्यात आहेच.

गोधडी
माझे मिस्टर आता रिक्षाच्या सीएनजी टाकीकडे संशयाने बघायला लागलेत 🙂 त्याचं काय असतं?

ब्रँचमन
@गोधडीताई, मिस्टरांना सांगा, टाकी वेळेवर तपासून घ्या आणि निर्धास्त राहा. दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी सक्तीची आहे. सीएनजी सुमारे २०० बार दाबाने भरतात, एलपीजीच्या कित्येक पट. पण तो हवेपेक्षा हलका, मोकळ्यावर वर निघून जातो. टाकीला वितळणारी सुरक्षा कळ असते, तापली की गॅस बाहेर सोडते. तेव्हा जी लांब ज्वाला फुसकन निघते तिला आम्ही हात लावत नाही, आजूबाजूचं वाचवतो. त्रास होतो तो बंदिस्त पार्किंगमध्ये, कारण तिथे हा हलका गॅस छताखाली अडकतो.

लांजेकर
सिलिंडर ठीक आहे हो, पण आमच्या मुंबई-गोवा हायवेवर टँकरचं काय? सप्टेंबर २०२२ मध्ये आंजणारीच्या पुलावरून एलपीजीचा टँकर थेट काजळी नदीत गेला. चालक गेला बिचारा. हायवे बंद. गाड्यांच्या रांगा दोन्हीकडे, गणपती नुकतेच होऊन गेलेले. लोक वैतागले होते, "एवढा वेळ काय करतात" म्हणून. आणि पुलावरून मोबाइल काढून बघणारेही होतेच.

ब्रँचमन
@लांजेकर, एवढा वेळ ते *काहीही घाईने न करणं* करतात. उलटलेला टँकर क्रेनने ओढून सरळ करायची घाई केली आणि व्हॉल्व्ह तुटला तर संपलंच. आधी गॅस मोजायचा, वाऱ्याची दिशा बघायची, गाड्यांची इंजिनं बंद, वीज बंद, मोबाइल लांब. कंपनीचं पथक येतं, गॅस दुसऱ्या टँकरमध्ये काढून घेतात, मगच क्रेन.

घाई नसताना, नुसती चाहूल न लागल्याने काय होतं ते केरळात कण्णूरजवळ चाला इथे दिसलं. २७ ऑगस्ट २०१२, रात्री टँकर दुभाजकावर आदळून उलटला, गॅस वस्तीत पसरला आणि पेटला. वीसेक माणसं गेली, कित्येक आपल्या घराच्या आवारात. जयपूरला २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे अजमेर रस्त्यावर तेच, ट्रकची धडक, गॅसचा ढग, आणि मागे अडकलेल्या बसपर्यंत आग.

हायवेवर असा टँकर दिसला तर मागच्या चौकोनी पाटीवरचा चार आकडी नंबर फोनवर सांगा: १०७५ म्हणजे एलपीजी, १९७१ सीएनजी, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन. पाटीवरच्या संकेतात ई असेल तर लोकांना हलवायचा विचार करा असा अर्थ. टँकर आगीत सापडला असेल तर चारही बाजूंनी १६०० मीटर, असं आम्हाला शिकवतात. तेवढ्या नंबरवरून येणारा अधिकारी वाटेतच ठरवू शकतो की गाडी वाऱ्याच्या कुठल्या बाजूने आणायची.

रसायनी
आकडे आलेच आहेत तर क्लोरीनचं सांगतो, कारण तो आपल्या प्रत्येक शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात बसलेला आहे, ९०० किलोच्या टनरमध्ये, म्हणजे मोठ्या टाकीत, आणि तिथे नियम उलटे होतात. एलपीजीला पाणी मारा, अमोनियाला पाण्याची फवार मारा, तो पाण्यात झटकन विरघळतो. क्लोरीनच्या गळणाऱ्या भोकावर मात्र पाणी नको. ओलाव्याने तो धातू खातो आणि भोक मोठं होतं. टनर फिरवून भोक वर येईल असं करतात, म्हणजे द्रवाऐवजी नुसता वायू निघतो. वायू निघाला तर गळती कितीतरी कमी.

मुंबईत १४ जुलै २०१० ला शिवडीच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या जुन्या क्लोरीनच्या सिलिंडरमधून गळती झाली. कित्येक लोक इस्पितळात गेले, मदतीला धावलेले जवानसुद्धा. बेवारस पडलेला दाबाखालचा गॅस हा सगळ्यात वाईट. भंगारवाले इथे असतील तर हात जोडून सांगतो: बंद व्हॉल्व्हची जुनी टाकी कधीही कापायला घेऊ नका.

धनगरवाडा
आणि जत्रेतले फुगेवाले? आमच्याकडे ते टाकीतच कॉस्टिक आणि ॲल्युमिनियम टाकून गॅस बनवतात. भोवती पोरांचा घोळका.

रसायनी
तो हायड्रोजन. ज्या टाकीत बनवतात तिला ना चाचणी, ना दाब मोजायचं घड्याळ, आत उष्णता वाढत जाते. यात्रा समितीने परवानगीच देऊ नये. हेलियमचा भरलेला बाटला महाग पडतो, पण तो पेटत नाही.

पारिजात_वॉर्ड
मी परिचारिका आहे. एप्रिल २०२१ मध्ये नाशिकला पालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या मोठ्या टाकीतून गळती झाली, आवारात पांढरा ढग पसरला. पुरवठ्याचा दाब पडला आणि त्या एका दुपारी २२ रुग्ण गेले. आम्ही सगळ्यांनी ते टीव्हीवर वॉर्डातूनच पाहिलं, आमच्याकडेही तेव्हा प्रत्येक खाट ऑक्सिजनवर होती. तेव्हापासून मला विचारायचं आहे: ऑक्सिजन स्वतः जळत नाही, मग अशा ढगात जाणाऱ्या जवानांना नेमका धोका कशाचा?

ब्रँचमन
ताई, तुमच्यासारख्यांनी त्या दिवसांत जे केलं त्याला सलाम.

ऑक्सिजन जळत नाही, पण बाकी सगळं जाळतो. द्रवरूपात तो उणे १८३ अंशांवर असतो, हात लागला तर कातडी जाते. ढगात उभं राहिलं की तो गणवेशात, केसांत मुरतो. मग एक ठिणगी पुरे, कपडा भडकतो आणि विझत नाही. म्हणून बाहेर आल्यावर बराच वेळ मोकळ्या हवेत कपडे झटकत उभं राहायचं, विडी-काडीजवळ फिरकायचं नाही. व्हॉल्व्हला ग्रीस, तेल लागलेला हात लावायचा नाही. आणि डांबरी रस्त्यावर द्रव ऑक्सिजन सांडला असेल तर त्यावरून बंब न्यायचा नाही, चालायचंही नाही. डांबर आणि द्रव ऑक्सिजन मिळून जे बनतं ते नुसत्या धक्क्यानेही उडू शकतं. हे पुष्कळ चालकांना ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

सडाफटिंग
सगळं वाचलं. पण दादा, तुमचा बंब गर्दीतून पोचायला वीसपंचवीस मिनिटं लागतात. तोवर हात बांधून बसायचं? आमच्या चाळीत एका पोराने पेटता सिलिंडर उचलून अंगणात आणला होता, सगळ्यांनी खांद्यावर घेतलं त्याला. तुम्ही म्हणाल चूक केली. मला तसं म्हणवत नाही.

ब्रँचमन
त्या पोराच्या हिमतीला मी नाव ठेवणार नाही. पण दुसऱ्या कुणी तसं करू नये म्हणून सांगतो. उचलताना टाकी कलली की व्हॉल्व्हमधून वाफेऐवजी द्रव बाहेर येतो, आणि ज्वाला एकदम कितीतरी पट होते, उचलणाऱ्याच्या तोंडावर. दारात किंवा जिन्यात हातातून सुटली तर बाहेर पडायची वाटच बंद.

वीस मिनिटांत करण्यासारखं खूप आहे. माणसं बाहेर काढणं, म्हातारे आणि झोपलेली मुलं आधी. इमारतीचा मेन स्विच बाहेरच्या मीटर पेटीतून बंद करणं. पाइपचा गॅस असेल तर त्याचा बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करणं. रस्ता मोकळा ठेवणं, याला तर तोड नाही. आणि बंब आला की एकाने पुढे येऊन सांगायचं: टाक्या किती, कुठे, भरलेल्या किती, आत कुणी राहिलंय का. आम्हाला वर्दी मिळते तेव्हा फक्त "आग" एवढंच कळलेलं असतं. २४ मार्च २०२५ ला रात्री धारावीत सिलिंडर भरलेला ट्रक पेटला तेव्हा एकामागून एक टाक्या फुटत होत्या. तिथे जीवितहानी झाली नाही.

तिसरामजला
सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा ग्रुपवर टाकला. तक्रारीचा विषय मागे पडलाय, उलट रविवारी स्टेशन ऑफिसरांना बोलवायचं ठरतंय. दोन शंका राहिल्या. एक, पाण्याची छत्री करून गेले ते काय होतं? दोन, खानावळवाल्याला आम्ही नेमकं काय करायला सांगू?

ब्रँचमन
एक: दोन ब्रँच, म्हणजे पाण्याच्या होजची तोंडं, दोन्हींचा फवारा रुंद, कडा एकमेकांत मिसळलेल्या. मधे एक अधिकारी, दोन्ही हात दोघांच्या खांद्यांवर. तिघं एका चालीने, वाऱ्याकडे पाठ ठेवून. पाण्याचा पडदा ज्वाला पलीकडे ढकलतो, अधिकारी त्याच्याआडून व्हॉल्व्ह बंद करतो. मागे येतानाही तोंड ज्वालेकडेच आणि फवारा चालू, कारण ती परत भडकू शकते. मागे तिसरी लाइन तयार असते, पुढच्या दोघांतल्या एकाचं पाणी तुटलं तर त्यांना झाकायला. तुम्ही वरून पाहिलेले ते तिघं याची तालीम महिनोन् महिने करतात.

दोन: टाक्या स्वयंपाकघरातून बाहेर, जमिनीच्या पातळीवर, जाळीच्या हवेशीर कपाटात, गटाराच्या तोंडापासून लांब. तळघरात एकही नको. लागतील तेवढ्याच, सगळ्या उभ्या. मुख्य व्हॉल्व्ह शेगडीपासून दूर, हात पोचेल असा, आणि तो कुठे आहे हे रात्रपाळीच्या पोराला माहीत पाहिजे. रबरी नळी शिक्क्याची, तारीख बघून बदललेली. बाहेरच्या भिंतीवर टाक्यांची संख्या लिहिलेली. नाहरकत दाखला मागा, त्याची प्रत सोसायटीच्या फायलीत ठेवा.

ठिणगी
रविवारी साहेब आले की त्यांना सोसायटीच्या गेटची रुंदी मोजायला सांगा. आमच्या गल्लीत बंब आत आला होता, पण एका उभ्या केलेल्या टेम्पोमुळे वळला नाही आणि पोरांना होज लांबून ओढावे लागले.

तिसरामजला
गेटच्या आत दोन गाड्या कायमच्या उभ्या असतात. रविवारच्या यादीत पहिला विषय तोच घेतो.